बाबांचा आजार मलाही होईल का?

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहते, अकरावीत आहे. बाबांना हंटिंग्टन आहे, म्हणजे हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत जाणारा मेंदूचा आनुवंशिक आजार. परवा माझ्या हातून चहाचा कप सुटला, तर आई माझ्या हाताकडेच बघत राहिली. घरी न सांगता टेस्ट करून घेऊ का?

उत्तर : अगं, कप सगळ्यांच्याच हातून सुटतात. हा आजार बहुतेकदा 30 ते 50 या वयात डोकं वर काढतो. सदोष जनुक तुझ्यात येण्याची शक्यता 50 टक्के आहे. भावंडांपैकी कुणाला मिळालं-न मिळालं, त्याने तुझा आकडा बदलत नाही. लक्षणं नसताना 18 वर्षांआधी ही तपासणी सहसा करत नाहीत. एकदा कळलं की ते पुसता येत नाही, म्हणून तो निर्णय सज्ञान झाल्यावर तुझा तूच घ्यायचा, तोही आधी जनुकीय समुपदेशन घेऊन. पुष्कळ जण तपासणी न करणं निवडतात, आणि मला ते पूर्ण मान्य आहे.

पण बाबांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, त्याची मला जास्त काळजी वाटते. ते चिडतात का? चिडलेच तर त्यात आजाराचा भाग मोठा असतो, हे तुला कुणी सांगितलंय? मैत्रिणींना घरी बोलावतेस ना? हे सगळं वहीत लिही आणि त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टच्या पुढच्या अपॉइंटमेंटला आईबरोबर तूही जा.