ग्रँड ज्यूरी कुणाला ‘दोषी’ ठरवत नाही

प्रश्न असा आहे: ‘मार्च २०२३ मध्ये वाचलं की न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्यूरीने डोनाल्ड ट्रम्प यांना दोषी ठरवलं. मे २०२४ मध्ये पुन्हा तेच वाचलं. एकाच प्रकरणात माणूस दोनदा दोषी कसा ठरतो? आणि इन्डाइटमेंटला मराठीत म्हणायचं काय?’

दोनदा नाही, एकदाच. ३० मे २०२४ रोजी १२ जणांच्या ज्यूरीने त्यांना ३४ आरोपांवर दोषी ठरवलं. ३० मार्च २०२३ ला झालं ते इन्डाइटमेंट, म्हणजे ग्रँड ज्यूरीने, नागरिकांच्या एका मंडळाने, खटला उभा करायला दिलेली मंजुरी. तिथे ‘दोषी’ हा शब्द वापरणं साफ चूक आहे, आणि अशी चूक एखाद्याच्या अब्रूवर बेतते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली पाचवी दुरुस्ती १७९१ ची. देहदंडाच्या किंवा तशाच ‘इन्फेमस’ गुन्ह्यासाठी ग्रँड ज्यूरीच्या संमतीवाचून कुणालाही खटल्याला उभं करता येणार नाही, असं ती सांगते. सैन्यातली प्रकरणं तेवढी वगळली आहेत. इथला ‘इन्फेमस’ म्हणजे गाजलेला नव्हे, तर अब्रू घालवणारा. आज केंद्रीय न्यायालयांत एक वर्षाहून अधिक कैदेची शिक्षा होऊ शकणारे गुन्हे यात येतात. राज्यांवर मात्र हे बंधन नाही. १८८४ साली हुर्टाडो विरुद्ध कॅलिफोर्निया या खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला. न्यूयॉर्कमध्ये हे बंधन आहे ते त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेमुळे.

आता ग्रँड ज्यूरीच्या खोलीत काय चालतं ते पाहा. केंद्रीय ग्रँड ज्यूरीत १६ ते २३ नागरिक असतात. आत न्यायाधीश नसतो आणि आरोपीचा वकीलही नसतो. सरकारी वकील पुरावा मांडतो, साक्षीदार एकेक करून येतात, आणि सगळं कामकाज गुप्त राहतं. किमान १२ जणांचं मत बाजूने पडलं की आरोपांच्या कागदावर ‘ट्रू बिल’, म्हणजे ‘आरोपांना आधार आहे’, असा शेरा येतो आणि ज्यूरीचा प्रमुख सही करतो. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच असतो की खटला चालवण्याजोगा आधार दिसतो का. आपल्या कोर्टांतला ‘सकृद्दर्शनी’ हा शब्द इथे चपखल बसतो. सकृत् म्हणजे एकदा. एका नजरेत जे दिसतं ते. उलटतपासणी, बचाव, निकाल हे सगळं पुढचं.

इंग्लंडमध्ये आधार दिसला नाही तर पूर्वी कागदाच्या पाठीवर लॅटिनमध्ये ‘इग्नोरेमस’ लिहीत, म्हणजे ‘आम्हाला ठाऊक नाही’. पुढे इंग्रजीत त्याच शब्दाला ‘अडाणी माणूस’ असा अर्थ चिकटला.

‘ग्रँड’चं ‘भव्य ज्यूरी’ करणं टाळावं. फ्रेंचमधून आलेला हा शब्द इथे फक्त आकार सांगतो. निकाल देणारी १२ जणांची ती पेटिट, म्हणजे लहान. मराठीत बोलताना थोरली ज्यूरी आणि धाकटी ज्यूरी म्हटलं तर मला आवडेल, पण बातमीत ‘ग्रँड ज्यूरी’च ठेवावं. ‘इंडिक्टमेंट’ असंही लिहू नये. त्यातला ‘सी’ पंडितांनी लॅटिन मूळ दाखवायला मागाहून घुसवलेला आहे. उच्चारात तो कधी आलाच नाही.

आरोपपत्र म्हणावं का? आपल्याकडे तपास संपवून पोलीस कोर्टात दाखल करतात ते आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र, आणि पुढे न्यायाधीश करतो ती आरोपनिश्चिती. या दोन्हींत नागरिकांच्या मताला जागा नाही. शिवाय ‘दोषारोप’ वाचताना घाईतल्या डोळ्याला ‘दोष’च आधी दिसतो. गोंधळाचं मूळ मला इथेच वाटतं.

ही संस्था मुंबईला अनोळखी नव्हती. कंपनीच्या काळात इथल्या कोर्टात ग्रँड ज्यूरी बसत असे. १८२६ च्या कायद्याने हिंदू-मुसलमानांना तिच्यात बसायला बंदी होती. ती १८३२ मध्ये उठली. पुढे ती ज्यूरी गेली, धाकटी राहिली. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ म्हणणारी ती ही धाकटी, इथे मात्र नऊ जणांची. ज्यूरी म्हटलं की आपल्याला निकालच आठवतो, त्याला हेही एक कारण असावं.

तेव्हा एका शब्दाचा हट्ट न धरता क्रियापद नीट निवडावं. २०२३ ची बातमी: ‘ग्रँड ज्यूरीने ट्रम्प यांच्यावर खटला उभा करण्यास मंजुरी दिली.’ २०२४ ची: ‘ज्यूरीने ट्रम्प यांना दोषी ठरवले.’ नामच हवं असेल तर ‘ग्रँड ज्यूरीचे आरोपपत्र’ चालेल, पण त्यातला ‘ग्रँड ज्यूरीचे’ हा भाग गाळू नये.