गोठवलेली रेतमात्रा हाताळताना

कृत्रिम रेतन करूनही गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष सिमेनला (रेताला) दिला जातो. बऱ्याचदा चूक रेत साठवायच्या नायट्रोजन कंटेनरच्या तोंडाशीच झालेली असते. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. कॅनिस्टर, म्हणजे स्ट्रॉ (रेत भरलेल्या बारीक नळ्या) ठेवायचा आतला डबा, कंटेनरच्या गळ्याच्या वर काढू नकोस. गळ्यातच थोडा खाली धरून चिमट्याने स्ट्रॉ उचल. पाच-सात सेकंदांत जमलं नाही तर कॅनिस्टर पुन्हा नायट्रोजनमध्ये बुडव, मग दुसऱ्यांदा बघ. अर्धवट तापून परत गोठलेल्या स्ट्रॉमध्ये बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि शुक्राणूंचं आवरण फाटतं. वरून स्ट्रॉ जशीच्या तशी दिसते, हीच खरी अडचण.

स्ट्रॉ ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेव. थर्मामीटर वापर, बोट बुडवून अंदाज घेणं, खिशात किंवा तोंडात धरून वितळवणं बंद. बाहेर काढल्यावर टिश्यूने कोरडी पूस, कारण साध्या पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. कापसाच्या बुचाची बाजू गनमध्ये (रेत सोडायच्या लांब नळीत), सीलबंद टोक वर. ते धारदार कटरने काटकोनात काप. तिरकं कापलं की शीथमध्ये (गनवर चढवायच्या प्लास्टिकच्या आवरणात) नीट बसत नाही आणि रेत मागे गळतं. थंडीत गन आधी चोळून कोमट कर.

रेत गर्भाशयमुख ओलांडताच, हळूहळू सोड. घाईत गन मागे ओढलीस तर स्ट्रॉमधल्या पाव मिलीतलं बरंचसं वाटेतच राहतं.

नायट्रोजनची पातळी लाकडी पट्टीने मोज, पोकळ नळीने नको. नळीतून नायट्रोजन उसळून चेहऱ्यावर येतो.