वाचकांचे प्रश्न : सीलबंद खोक्यातला जुना गेम कन्सोल

प्रश्न : कोल्हापुरातील इलेक्ट्रॉनिक्सचे एक दुकान बंद होत असून त्याच्या मालकांकडे प्लेस्टेशन २चा (टीव्हीला जोडून खेळायच्या सोनीच्या यंत्राचा) एक नग मूळ खोक्यात, सील न फोडलेला, शिल्लक आहे. शाळेत असताना मित्राच्या घरी मी हा कन्सोल खूप खेळलो होतो आणि आता तो मुलांसाठी घ्यावा असे वाटते. मालक पंधरा हजार रुपये मागतात. माल दुर्मीळ आहे आणि सील फोडल्यावर परत घेतला जाणार नाही, असे ते म्हणतात. त्या काळी बाजारातून आणलेल्या डिस्कचा एक डबाही माझ्याकडे आहे. व्यवहार करावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपण मुलांना खेळण्यासाठी कन्सोल घेत आहात, या एका गोष्टीवर माझे उत्तर ठरते. न फोडलेल्या सीलसाठी जी जादा रक्कम मागितली जाते, ती सील तसेच राखणाऱ्या संग्राहकाने मोजायची असते. आपण घरी पोहोचताच खोके उघडणार, म्हणजे त्या जादा रकमेचे मोल त्याच क्षणी संपणार. त्यामुळे या किमतीला हा व्यवहार करू नये, असे माझे मत आहे. मात्र वेगळ्या अटींवर तो करता येईल.

आधी दुर्मीळपणाविषयी. प्लेस्टेशन २ जपानमध्ये मार्च २००० मध्ये विक्रीस आला आणि त्याचे उत्पादन जानेवारी २०१३ मध्ये बंद झाल्याचे सोनीने जाहीर केले. या काळात त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले. घरगुती कन्सोलमध्ये इतका खप दुसऱ्या कोणत्याही यंत्राचा झालेला नाही. सीलबंद नग कमी उरले आहेत हे खरे, पण खेळण्याजोगे, वापरलेले आणि चालू स्थितीतले नग बेळगाव, कोल्हापूर, हुबळी या पट्ट्यात थोडी चौकशी केली तर आजही मिळतात, आणि ते या रकमेच्या बऱ्याच खाली मिळायला हवेत.

दुसरा मुद्दा खोक्यावरच्या लेबलाचा. भारतात अधिकृतपणे आयात होऊन विकल्या जाणाऱ्या बंद पाकिटातील मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी, असा वैध मापनशास्त्राच्या २०११च्या नियमांचा दंडक आहे. हे लेबल नसेल तर माल परदेशातून परभारे आलेला असण्याची शक्यता मोठी, आणि मग तो आपल्या २३० व्होल्टच्या विजेसाठी बनवला आहे की जपान-अमेरिकेच्या विजेसाठी, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. लेबल असेल, तर त्यावरची किंमत नीट वाचावी. किरकोळ विक्रेत्याने छापील किमतीपेक्षा अधिक दराने पाकीटबंद माल विकणे याच नियमांनुसार मना आहे. माल जुना झाला म्हणून दुकानदाराला छापील आकडा ओलांडण्याची मुभा मिळत नाही. हे मालकांशी भांडण्यासाठी सांगत नाही. पण पंधरा हजारांची पक्की पावती मागितली की बोलण्याचा सूर बदलतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे, आणि पावती द्यायला नकार आला तर तेही आपल्याला पुरेसे काही सांगून जाते.

आता यंत्राकडे वळू. खोके उघडले नाही म्हणून आतल्या वस्तूंचे वय थांबत नाही. उत्पादन २०१३च्या सुरुवातीलाच बंद झाल्यामुळे आपल्या नगाने एक तपाहून अधिक काळ विजेशिवाय काढला आहे. वीजपुरवठ्याच्या भागात वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या आतील द्रव कालांतराने कमी होतो आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास आतील ऑक्साइडचा पातळ थरही दुबळा पडतो. असा कपॅसिटर एकदम विजेच्या पूर्ण दाबाखाली आला की पहिल्याच दिवशी दगा देऊ शकतो. लेझरची काच ज्या दांड्यांवरून सरकते, त्यांच्यावरचे ग्रीस वाळून घट्ट होते आणि मग यंत्र सुरू होते पण डिस्क वाचत नाही. कंट्रोलरच्या काड्यांवरचे रबर चिकट होते. तारीख-वेळ लक्षात ठेवणारा नाण्याएवढा सेल बहुधा संपलेला असतो, पण तो किरकोळ खर्चात बदलून मिळतो, त्याची चिंता नको. यात आपल्याकडच्या पावसाळ्याची भर पडते. दुकानाच्या पत्र्याखालच्या माळ्यावर इतके पावसाळे काढलेल्या खोक्याची पुठ्ठ्याची कड फुगली असेल, थर्माकोलवर पिवळे डाग असतील किंवा कुबट वास येत असेल, तर वरचे प्लॅस्टिक कितीही चकचकीत दिसले तरी दमट हवा आत पोहोचली आहे असेच धरावे.

प्लॅस्टिकच्या चकाकीवरून आठवले. खोके झाकणारी श्रिंक फिल्म आणि ती आवळणारे गरम हवेचे यंत्र आज मिठाईच्या दुकानातही असते. त्यामुळे केवळ आवरण पाहून माल कारखान्यातून तसाच आला आहे असे मानता येत नाही. खोक्यावरचा अनुक्रमांक यंत्राच्या तळावरच्या क्रमांकाशी जुळतो का, ही खरी कसोटी आहे आणि ती सील फोडल्यावरच लागते. यंत्र चालते का, हेही त्याशिवाय कळत नाही. सीलबंद मालाची अडचण हीच आहे : खात्री करायची तर किंमत उतरते, आणि किंमत राखायची तर खात्री होत नाही. ही जोखीम कोणी घ्यायची, हे ठरवणे म्हणजेच सौदा ठरवणे होय. दुकानाचे मालक ती संपूर्णपणे आपल्या माथी मारत आहेत आणि वर तिचेच पैसे मागत आहेत.

आपल्या डिस्कच्या डब्याबद्दल मात्र थोडे स्पष्ट लिहावे लागेल. त्या काळी आपल्याकडे वापरात असलेल्या प्लेस्टेशन २पैकी पुष्कळांना ‘चिप’ बसवलेली असे, म्हणजे नकल केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून दुकानदार यंत्र उघडून आत एक वेगळी पट्टी जोडून देत. आपल्या मित्राचा कन्सोल तसाच असावा, आणि डब्यातल्या डिस्क पन्नास-शंभर रुपयांना आणलेल्या असतील तर त्या नकलाच असणार. कारखान्यातून आलेला, कोणी न उघडलेला कन्सोल त्या वाचणार नाही. उलट ‘सीलबंद’ म्हणून दाखवलेले यंत्र त्या डिस्क सहज चालवू लागले, तर ते कधीतरी उघडले गेले आहे, एवढे निश्चित समजावे. अस्सल डिस्कसुद्धा जपान, अमेरिका, युरोप अशा ज्या प्रदेशासाठी निघाली त्याच प्रदेशाच्या कन्सोलवर चालते. तेव्हा खर्चाचा अंदाज बांधताना अस्सल डिस्क आणि खेळाची प्रगती साठवणारे ८ मेगाबाइटचे मेमरी कार्ड धरायला हवे. ते कार्ड बहुतेक खोक्यांत नसते, वेगळे घ्यावे लागते. टीव्हीचे म्हणाल, तर या कन्सोलला एचडीएमआय, म्हणजे आजच्या टीव्हीची नेहमीची जोडणी, नाही. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांची जागा आपल्या टीव्हीला आहे का, ते घरी आधीच पाहून ठेवावे.

माझा सल्ला असा, की आपण मालकांपुढे दोन पर्याय ठेवावेत. एक, दुकानातच त्यांच्या समक्ष सील फोडून, टीव्हीला जोडून, अस्सल डिस्क घालून अर्धा तास यंत्र चालवावे आणि ते नीट चालले तर छापील किमतीच्या आत पावतीसह घ्यावे. दुसरा, सील तसेच ठेवायचे असेल तर तो नग त्यांनी एखाद्या संग्राहकाला विकावा आणि आपण वापरलेला, तपासलेला नग शोधावा. मुलांना या दोहोंतला फरक कळणारही नाही.

प्रश्न : माझे दाजी डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येत आहेत. तिथे त्यांना निन्टेन्डोचा वी यू हा कन्सोल न उघडलेल्या खोक्यात मिळत आहे. निन्टेन्डोचे खेळ मला फार आवडतात. आणायला सांगू का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : हा कन्सोल नोव्हेंबर २०१२ मध्ये आला, जेमतेम १ कोटी ३५ लाख नगांच्या आसपास खपला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. येथे दुर्मीळपणाचा दावा खरा आहे. पण आपल्याला त्रास होणार आहे तो निराळ्या कारणांनी.

पहिले कारण विजेचे. अमेरिकन खोक्यातील ॲडॉप्टर १२० व्होल्टसाठी असतो. खडेबाजारात मिळणारा पिन बदलण्याचा तुकडा फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. तो लावून आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला ॲडॉप्टर जोडला, तर तो जळण्याचीच शक्यता अधिक. वी यूचा ॲडॉप्टर १५ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे ७५ वॅट देतो. त्यामुळे किमान दीडशे वॅटचा, दाब उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, किंवा त्याच कन्सोलचा युरोपसाठी बनवलेला २२०–२४० व्होल्टचा ॲडॉप्टर मागवावा. दुसरा उपाय अधिक नीटनेटका आहे, आणि आमच्याकडे दिवसातून दोनदा दिवे मंद-तेज होतात हे लक्षात घेता सोबत स्टॅबिलायझरही असावा.

दुसरे कारण खेळांचे. या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातील विक्री २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली आणि ८ एप्रिल २०२४ रोजी एकत्र खेळण्याची ऑनलाइन सेवाही थांबली. आपण नवे खाते उघडून आता काहीच विकत घेऊ शकणार नाही. केवळ डिस्क उरल्या, आणि त्याही अमेरिकन प्रदेशाच्याच हव्यात, कारण निन्टेन्डोने हा कन्सोल प्रदेशाला कुलूपबंद केला होता. एक जमेची बाजू अशी, की आधीच्या वी कन्सोलच्या अमेरिकन डिस्क त्यावर चालतात. त्यामुळे दाजींना कन्सोलबरोबर आठ-दहा डिस्क एकदमच आणायला सांगावे. नंतर एकेक मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून डिस्कच्या किमतीच्या वर जाते.

सीलबंद असण्याने येथे एक खास धोका संभवतो. फार काळ वीज न मिळालेल्या काही वी यू यंत्रांतील अंतर्गत स्मृतीची चिप बिघडल्याचे आणि यंत्र चूक दाखवून सुरूच न झाल्याचे अनेकांनी नोंदवले आहे. प्रत्येक यंत्राचे तसे होते असे नाही. पण या कन्सोलच्या बाबतीत अधूनमधून चालू केलेला, नीट ठेवलेला जुना नग हा न उघडलेल्या खोक्यापेक्षा मी अधिक भरवशाचा मानतो. शक्य असेल तर दाजींनी खोके तिथेच उघडून, गेमपॅड (त्याचा पडदा असलेला कंट्रोलर) चार्ज करून, एक खेळ चालवून पाहावा आणि मगच निघावे. गेमपॅडशिवाय यंत्राची मांडणीच पूर्ण होत नाही आणि तो सुटा मिळणे फार अवघड आहे, म्हणून सर्वांत आधी त्याचा पडदा आणि बॅटरी पाहावी.

प्रश्न : सीलबंद पीएसपीमधील (सोनीच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलमधील) बॅटरी फुगलेली निघते, हे खरे का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : पुष्कळदा खरे असते. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहिली की तिच्यात वायू साठतो. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये. पीएसपीच्या नेहमीच्या नमुन्यांत ती मागचे झाकण काढून वेगळी करता येते आणि बॅटरीविना, केवळ ॲडॉप्टरवरही यंत्र चालते. त्यामुळे फुगलेली बॅटरी म्हणजे निकामी पीएसपी नव्हे. किंमत ठरवताना मात्र नव्या बॅटरीचा खर्च वजा करावा.

प्रश्न : मुंबईच्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन ‘नवा, सीलबंद’ म्हणून घेतलेल्या कन्सोलवर ओरखडे निघाले आणि खोक्यावरचा क्रमांकही यंत्राशी जुळला नाही. उत्पादन बंद झालेल्या मालाला परतावा नाही, असे तो म्हणतो. खानापुरातून मुंबईला खेटे घालणे मला शक्य नाही.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : खेटे घालण्याची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. आपल्यासाठी तो बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग होय. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उत्पादन बंद झाल्याने विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. त्याने नवा म्हणून विकला आणि वापरलेला दिला, एवढेच सिद्ध व्हायला हवे.

त्यासाठी जाहिरातीचे चित्र, पैसे दिल्याची नोंद, दोन्ही क्रमांकांची छायाचित्रे आणि विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद जपून ठेवावा. तोंडी बोलणे आता थांबवावे आणि पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस ईमेलने व स्पीड पोस्टाने पाठवावी. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. तिथे मराठीतूनही बोलता येते, आणि बरेच विक्रेते या टप्प्यावरच नमते घेतात.

मात्र एक गोष्ट तपासून पाहावी. समोरचा माणूस व्यापारी आहे, की घरातली वस्तू विकणारी खाजगी व्यक्ती? व्यापारी नसलेल्या माणसाने एखादीच वस्तू विकली असेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा खुला होत नाही. तेव्हा फसवणुकीची तक्रार पोलिसांकडे करावी लागते. त्याच्या नावावर अशा आणखी जाहिराती दिसत असतील, तर त्यांची छायाचित्रे तारखेसह आजच काढून ठेवावीत, म्हणजे तो नियमित व्यापार करतो हे आयोगापुढे दाखवता येईल.