शस्त्रक्रियेनंतर मांजराचे वागणे

प्रश्न : आमच्या आठ महिन्यांच्या मनीचे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया चार दिवसांपूर्वी झाली. ती खाते-पिते, परंतु पलंगाखालीच बसून राहते आणि घरातला बोका तिला पाहून फिसकारतो. काय करावे?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : मनी खाते-पिते, ही सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे. बोका बिथरला आहे तो बहुधा तिच्या अंगाला लागलेल्या दवाखान्याच्या वासामुळे, कारण मांजरे एकमेकांना मुख्यतः वासानेच ओळखतात. म्हणून दोघांना काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून त्यांची अंथरुणे अधूनमधून अदलाबदल करावीत. मनीला पलंगाखालून ओढून काढू नये. नाशिकच्या थंडीत तिथेच कोरडे, उबदार अंथरूण घालावे.

जखम भरण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि तोवर, तिची केविलवाणी धडपड पाहून आपला जीव कितीही तुटला तरी, गळ्यातील, जखम चाटू न देणारी शंकूच्या आकाराची कॉलर काढू नये, कारण मांजराच्या खरखरीत जिभेने टाके उसवू शकतात. उंच उड्या आणि आंघोळ टाळावी. माणसांसाठीची पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीही देऊ नये, ही कळकळीची विनंती. ती मांजराच्या जिवावर बेतते. जखमेतून पू किंवा रक्त आले, सूज वाढली अथवा तिने दिवसभर अन्न टाकले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे.