स्पेनच्या एक्स्त्रेमादुरात तीन दिवस आहेत, गाडी चालवणार नाही. कोणती जुनी गावं बघू?

मुक्काम कासेरेसला ठेवा, एक अख्खा दिवस मेरिदाला द्या आणि त्रुहियो बसने जाऊन-येऊन करा. कारण साधं आहे: कासेरेस आणि मेरिदा थेट रेल्वेने जोडलेली आहेत, त्रुहियोला रेल्वेच नाही. मेरिदात घाई करू नका. इ.स.पू. 25 मध्ये रोमन सम्राट ऑगस्टसच्या निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं हे शहर. तिथल्या रोमन नाट्यगृहात उन्हाळ्यात आजही नाटकं होतात आणि ग्वादियाना नदीवरच्या रोमन पुलावरून तुम्ही चालत पलीकडे जाऊ शकता. कासेरेसचा तटबंदीच्या आतला भाग (1986 पासून जागतिक वारसा) दिवसभराची गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळी बघा. दगडी वाड्यांमधल्या त्या गल्ल्यांना दिव्यांचा उजेडच शोभतो. त्रुहियो हे पेरू जिंकणाऱ्या पिसारोचं गाव. चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, आणि भोवतालचे काही वाडे अमेरिकेतल्या लुटीच्या पैशातून उभे राहिलेत, हे लक्षात ठेवून बघा. फक्त जुलै-ऑगस्ट टाळा, पारा 40 अंशांवर जातो. नागपूरकर असाल तर तुमची मर्जी.