देव सोबत आहे म्हणतात, मग मला इतकं एकटं का वाटतं?

तुम्ही लिहिलंय की प्रार्थना रोज करता, रविवारी उपासनेलाही जाता, तरी दार उघडून आत पाऊल टाकलं की घर खायला उठतं. आणि आपलाच विश्वास कमी पडतोय का, ही शंका वर. तुमचा विश्वास मी कोण मोजणार, पण एकटेपणा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

माझे यजमान गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या बीपीच्या गोळीचा अलार्म माझ्या मोबाइलवर होता, रात्री नऊचा. ते गेल्यावरही तो वाजत राहिला, बंद करायला माझा हातच होईना. भेटायला येणारे म्हणायचे, "प्रभू तुमच्याजवळ आहे, धीर धरा." खोटं नव्हतं ते. पण सूर असा असायचा की मला ऐकू यायचं, आता रडणं पुरे!

खरा आधार मिळाला तो बायबलातल्या स्तोत्र 88 मध्ये. हे सहसा कोणी वाचून दाखवत नाही. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही. जवळची माणसं दुरावली, अंधार उरला, संपलं. पण पहिली हाक तारणाऱ्या देवालाच आहे आणि पुढची सगळी तक्रारही त्याच्याच तोंडावर. नसलेल्या माणसाशी कोणी असं भांडत नाही. हे वाचलं त्या रात्रीपासून नऊ वाजले की मी मोठ्याने बोलायला लागले. छान शब्दांतली प्रार्थना नाही. "आज दिवसभर कोणाशी बोलले नाही, तुला दिसतंय ना?" एवढंच. कधी नुसतं गप्प बसायचं. जाणवलं काही? पुष्कळदा नाही. पण बोलणं भिंतीशी चाललंय असंही वाटेनासं झालं, कधीपासून ते सांगता येणार नाही.

एलीया संदेष्ट्याचं उदाहरण बघा, बायबलातलं 1 राजे हे पुस्तक, अध्याय 19. चाकराला बैर-शेबात मागे ठेवून हा गडी एकटाच रानात जातो, झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि पुढे देवाला सांगतो की मीच एकटा उरलो! (स्वतःच सोबत सोडायची आणि मग एकटेपणाचं गाऱ्हाणं, हे मीही केलंय.) देव त्याला आधी उपदेश करत नाही. झोपू देतो, भाजलेली भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. तिथेही सांगतो काय, तर बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले 7000 जण अजून आहेत. आणि अलीशाकडे पाठवतो, म्हणजे सोबतीला माणूस देतो.

प्रेषित पौलाचंही तेच. आपला तरुण सहकारी तीमथ्य, त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी म्हणतो, सगळे मला सोडून गेले, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायात तो लवकर ये, हिवाळ्याआधी ये, त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, असंही लिहितो, ते कोणी सांगत नाही. प्रभू जवळ होता, तरी त्याला थंडी वाजत होती आणि तीमथ्य हवा होता. म्हणून माणसांची ओढ लागली की देव कमी पडला असं समजू नका.

उपासना संपल्यावर लगेच निघता का? मी निघायचे, कोणी विचारपूस करू नये म्हणून. पाच मिनिटं थांबा आणि एकाला तरी खरं सांगा. जगणंच नको असं वाटत असेल, तर आजच्या आज कोणाला तरी, डॉक्टरांनाही सांगा. एलीयाला तसं वाटलं होतं, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही.

माझा नऊचा अलार्म अजून वाजतो. नाव बदलायचं राहूनच गेलंय, स्क्रीनवर 'यांची गोळी' असंच येतं.