बॅले कधी पाहिला नाही, तरी त्याचं संगीत ऐकून रडू का कोसळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील जाऊन दोन महिने झाले, इतके दिवस डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि परवा ‘स्वान लेक’ या बॅलेमधला एक तुकडा सहज कानावर पडला तर रडू आवरेना. बॅलेतलं काही कळत नसताना हे झालं कसं, आणि असं संगीत ऐकत राहावं की टाळावं?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. ऐका. फक्त काय ऐकायचं, किती वेळ आणि कोणत्या आवाजात, हे आधी ठरवून ऐका. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पहिल्या भागाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. हे संगीत ‘दुःखी’ असतं म्हणून रडवतं, असं मला वाटत नाही. ते शरीर तोलून धरण्यासाठी लिहिलेलं असतं, म्हणून ते शरीरापर्यंत पोचतं. दोघांच्या नृत्यातला संथ भाग, ज्याला अदाजिओ म्हणतात, तो घ्या. नर्तकी एका पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी आहे, दुसरा पाय मागे हवेत, जोडीदाराचा हात कमरेला. तिचा तोल सांभाळला जाईपर्यंत संगीताला थांबावं लागतं. म्हणून अदाजिओतलं सुरांचं वाक्य सावकाश उठतं, चढतं, टोकाला किंचित रेंगाळतं आणि मग न आपटता खाली येतं. कंडक्टरचं लक्ष वादकांइतकंच नर्तकीच्या पायांकडे असतं. शोकात नेमकं शरीरच आखडलेलं असतं: श्वास अर्ध्यातून परत फिरतो, खांदे कानांपाशी चढलेले, घशात आवंढा अडकलेला. अशा वेळी कुणीतरी ‘वर जा, थांब, आता ये खाली’ असं न बोलता करून दाखवलं की श्वास आपसूक त्यामागे जातो. तो पूर्ण बाहेर पडला की त्याच्यामागून रडूही येतं. शब्द नसल्याचाही फायदा होतो. गाण्यात शब्द असले की मन त्यांच्याशी वाद घालायला लागतं, ‘माझं असं नाहीये’ म्हणून हात झटकून मोकळं होतं. इथे हात झटकायला काही सापडत नाही.

तुम्ही ऐकलेला तुकडा बहुधा तळ्याकाठच्या प्रवेशातला, ओबोवर (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) सुरू होणारा असावा. तो गुणगुणून बघा. सूर पंचमावर लांबतो, तिथून एकदम षड्जावर पडतो, आणि सा, रे, कोमल ग, म अशा पायऱ्या चढत पुन्हा त्याच पंचमावर येऊन टेकतो. मग कोमल गंधार आणि पंचम यांच्यात दोन हेलकावे, आणि घसरण, षड्जाच्याही खाली मंद्रातल्या कोमल धैवतापर्यंत. पडायचं, चढून त्याच जागी यायचं, पुन्हा पडायचं. खाली व्हायोलिनं गज बारीक हलवत थरथरत असतात आणि हार्पचे (उभ्या तारांचं, बोटांनी छेडायचं वाद्य) सूर लाटांसारखे येत राहतात, त्यामुळे ओबो एकटा असूनही उघड्यावर पडत नाही. थोड्या वेळाने हॉर्न तीच धून उचलतात, मग अख्खा ऑर्केस्ट्रा. एकट्याचं दुःख पन्नास-साठ जणांनी मिळून वाजवलेलं तुम्ही ऐकता. रडू बहुतेक वेळा ओबोवर येत नाही, ते इथे येतं.

या प्रवेशाचा शोकाशी खराखुरा संबंधही आहे. ‘स्वान लेक’ पहिल्यांदा १८७७ मध्ये मॉस्कोत झाला. त्याचा संगीतकार चायकोव्हस्की १८९३ मध्ये वारला आणि १८९४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात नृत्यदिग्दर्शक लेव्ह इव्हानोव्हने बसवलेला हा तळ्याकाठचा अंक तेवढाच सादर झाला. पूर्ण बॅले नव्याने १८९५ मध्ये आला. आज जगभर दिसतो तो या शोकसभेतून उभा राहिलेला ‘स्वान लेक’.

त्याच अंकात पुढे व्हायोलिन आणि चेलोचा (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) अदाजिओ आहे. आधी हार्प एकटीच, मग व्हायोलिन. धून परत येते तेव्हा व्हायोलिनच्या खालून चेलो आपलं वेगळं म्हणणं मांडत जातो. मुळात हे एका ऑपेरातलं दोन गळ्यांचं प्रेमगीत होतं. तो ऑपेरा चायकोव्हस्कीने स्वतःच नष्ट केला आणि ही धून इथे आणली. गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलायचं राहून गेलं असेल, तर मी आधी हा तुकडा सुचवेन, कारण यात एक जण बोलताना दुसरा गप्प बसत नाही, सोबत करतो.

दुसरा तुकडा ‘नटक्रॅकर’मधला. हा लहान मुलांचा गोड बॅले म्हणून ओळखला जातो, त्यामुळे लोक इथे बेसावध असतात. शेवटच्या अंकातल्या अदाजिओची मुख्य धून म्हणजे काय, तर नुसता अवरोह. सां नि ध प म ग रे सा, सगळे शुद्ध. संगीताच्या पहिल्या धड्यात घोकतात तो. वरच्या सा वर जरा रेंगाळून चेलो उतरायला लागतात आणि एकेक पायरी खाली येतात, बस. एवढ्या साध्या गोष्टीने माणूस कोलमडतो याचं कारण, पहिल्या दोन सुरांतच कुठे पोचणार हे आपल्याला कळतं, आणि ते थांबवता येत नाही. शोकाचा नेमका हाच अनुभव असतो. चायकोव्हस्की या बॅलेच्या कामात असताना, १८९१ च्या वसंतात, त्याची लाडकी बहीण अलेक्झांड्रा वारली. ही बातमी त्याला पॅरिसमध्ये वर्तमानपत्रातून कळली. काही अभ्यासक या उतरत्या धुनेचा संबंध तिच्याशी जोडतात. जोडला नाही तरी धुनेचं काही अडत नाही.

इथे हमखास होणारी एक चूक: ‘नटक्रॅकर सूट’ नावाचं ध्वनिमुद्रण लावतात आणि हा अदाजिओ शोधत बसतात. तो त्यात नाहीच. सूट म्हणजे मैफलीसाठी निवडलेले आठ तुकडे. अदाजिओ हवा असेल तर पूर्ण बॅलेचं ध्वनिमुद्रण घ्या आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे ‘पा द दू’ (दोघांचं नृत्य) शोधा. याउलट ‘स्वान लेक’च्या सूटमध्ये वर सांगितलेले दोन्ही तुकडे मिळतात.

आता ऐकायचं कसं. एका वेळी एकच तुकडा, तीन ते नऊ मिनिटांचा. पूर्ण बॅले दोन तासांच्या घरात जातो, त्यात दरबारातले नाच आणि विनोदी प्रसंगही असतात. शोकात ते डोक्यात जातात. पहिल्यांदा दिवसा ऐका, म्हणजे शेवट कुठे आणि कसा होतो ते माहीत होईल. आवाज सुरुवातीवरून ठरवू नका. ‘नटक्रॅकर’चा अदाजिओ हळुवार सुरू होतो म्हणून लोक आवाज वाढवतात, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ट्रम्पेट-ट्रॉम्बोन अंगावर येतात. आधी तो सर्वात मोठा भाग लावून आवाज बेताचा करा, मग पहिल्यापासून ऐका. सुरुवात जेमतेम ऐकू आली तरी चालेल. मध्ये जाहिरात येणार नाही याची सोय आधी करा. रडू ऐन भरात असताना साबणाची जाहिरात लागली तर जो धक्का बसतो तो वाईट असतो. तुकडा संपला की पुढचा आपोआप सुरू होणं बंद ठेवा आणि दोन-तीन मिनिटं शांत बसा. हवं तर एकदा पुन्हा ऐका. तिसऱ्यांदा नको. तिसऱ्या वेळी बहुधा आपण संगीत ऐकत नसतो, जखम उकरत असतो.

रात्री झोप यावी म्हणून हे लावू नका. त्यातले चढउतार झोपू देत नाहीत, आणि अंधारात एकट्याने ऐकलेली धून त्या अंधाराशी कायमची जोडली जाते. गाडी चालवतानाही नको, डोळे भरले की रस्ता दिसत नाही.

नुसतं बसून ऐकणं जड जात असेल, तर बॅलेच्या वर्गातला पहिला व्यायाम उसना घ्या. त्याला प्लिए म्हणतात. जड खुर्चीच्या पाठीला एका हाताने धरा, पावलं जवळ, चवडे किंचित बाहेर. चार मात्रांत गुडघे वाकवत खाली, चार मात्रांत वर. टाचा जमिनीवरच, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, पाठ सरळ. असं आठ वेळा. खाली जाण्यापेक्षा वर येणं सावकाश करा, घाई तिथे होते. शोकात जेवणाकडे दुर्लक्ष झालेलं असतं, म्हणून आधी काहीतरी खा, नाहीतर उठताना चक्कर येते. गुडघे दुखत असतील तर हे सोडून द्या, नुसतं उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेलं तरी पुरे. यासाठी ऑर्केस्ट्रापेक्षा वर्गासाठी वाजवलेला पियानो बरा. त्याची लय सम असते, वाक्यं मोजून बसवलेली असतात आणि अंगावर येणारं काही नसतं. ज्यांना ऑर्केस्ट्राच सोसत नाही त्यांनीही इथूनच सुरुवात करावी.

रडू येतच नाही, आत सगळं बधिर आहे, अशी तक्रार असेल तर रडवणारं संगीत शोधू नका. सेन-सान्स या फ्रेंच संगीतकाराचा ‘हंस’ ऐका: चेलो आणि दोन पियानो, जेमतेम तीन मिनिटं. १८८६ मधली ही रचना मुळात मरणाबद्दल नाहीच, पाण्यावर तरंगत जाणाऱ्या हंसाची आहे. मरण त्यात नंतर आलं, नृत्यदिग्दर्शक मिखाईल फोकिनने अॅना पावलोव्हा या नर्तकीसाठी त्यावर छोटं एकल नृत्य बसवलं तेव्हा. ती १९३१ मध्ये वारली. त्यानंतर ती नाचणार होती त्या कार्यक्रमात हीच धून वाजवली गेली आणि रिकाम्या रंगमंचावर नुसता प्रकाशाचा झोत फिरत राहिला, असं सांगतात. धून स्वतः मात्र आग्रह करत नाही. पियानोची लहर चालू राहते, चेलो वरून जातो. तुम्हाला काही वाटलं तर वाटलं.

रावेलचं ‘ल तोंबो द कुपरँ’ही याच जातीचं. पहिल्या महायुद्धात मेलेल्या मित्रांना एकेक भाग अर्पण केलेला, आणि संगीत मात्र हलकं, नाचरं. पियानोसाठी लिहिलेल्या या रचनेचे चार भाग रावेलने ऑर्केस्ट्रासाठी केले आणि त्यातल्या काहींवर १९२० मध्ये बॅलेही झाला. लोकांसमोर हसायचं कसं, हा प्रश्न पडलेल्यांनी हे जरूर ऐकावं.

प्रोकोफिएवच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा शेवट मात्र सुरुवातीच्या महिन्यांत टाळा. ज्युलिएटच्या अंत्ययात्रेत पितळी वाद्यं ज्या ताकदीने येतात ती सावरायला वेळ देत नाहीत. गंमत म्हणजे १९३५ मध्ये त्याने हा बॅले आधी सुखान्त लिहिला होता, मेलेले नाचू शकत नाहीत या व्यावहारिक कारणाने. नंतर शेवट बदलला. त्याच्याकडे वर्षभराने वळा.

चायकोव्हस्कीच्या तंतुवाद्यांसाठीच्या ‘सेरेनेड’मधली एलिजी, म्हणजे शोकगीत, मला या सगळ्यांत सर्वात समतोल वाटते. मूळ रचनेत ती तिसरी येते आणि शेवट उत्साही होतो. नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनने १९३४ मध्ये त्यावर ‘सेरेनेड’ हा बॅले केला आणि शोकगीत शेवटी नेलं. बॅलेच्या क्रमाने ऐकायचं असेल तर शेवटचे दोन भाग अदलाबदल करून लावा. एलिजीची सुरुवात चढत्या सुरांनी होते, ‘नटक्रॅकर’च्या बरोबर उलट. दोन्ही एकाच दिवशी ऐकू नका, पण आठवड्याच्या अंतराने ऐकून बघा. त्या दिवशी कोणतं सोसलं, यावरून आपण कुठे आहोत ते बरंच कळतं.

ऐकून झाल्यावर तासाभरात मन निवळत नसेल, उलट दिवस वाया जात असतील, तर काही आठवडे संगीत बंद ठेवा. सहा महिन्यांनंतरही जेवण, झोप, काम रुळावर नसेल तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. आणि जगावंसंच वाटत नसेल तर सहा महिने थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा.

पुढे कधी बॅले पाहावासा वाटला, तर ‘ला बायादेर’मधल्या सावल्यांच्या प्रवेशापासून सुरुवात करा. संगीत मिंकुसचं, साल १८७७. प्रेयसीच्या मरणाने खचलेला नायक अफूच्या धुंदीत तिला शोधतो आणि उतारावरून पांढऱ्या वेशातल्या नर्तकी एकामागून एक उतरू लागतात, बहुतेक ठिकाणी चोवीस किंवा बत्तीस. प्रत्येकीचं तेच: एक पाय मागे उचलून पुढे झुकायचं, मग मागे रेलायचं, एक पाऊल पुढे. धूनही तीच, पुन्हा पुन्हा. पहिली नर्तकी खाली पोचून सगळ्या रांगेत उभ्या राहीपर्यंत तिने ते तीसहून अधिक वेळा केलेलं असतं. व्हिडिओत कॅमेरा जवळ गेला तरी तुम्ही एकीवरच नजर ठेवा, शक्यतो त्या पहिलीवर. पंधराव्या-विसाव्या वेळेला तिचा घोटा किंचित थरथरताना दिसतो.